‘काही नाही’ हे कसं कळतं? : रडारच्या पडद्यासमोरचा माणूस

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की अनुपलब्धी हे प्रमाण पोथीबाहेर कुठे कामाला येतं का? प्रश्न चांगला आहे. आज त्याचं उत्तर आपण इतिहासात शोधू. त्यासाठी आपल्याला दुसऱ्या महायुद्धातल्या अटलांटिक महासागरावर जायचं आहे, तेही विमानाच्या पोटात बसून.

आधी थोडी उजळणी करू. जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कशावरून कळतं? घट डोळ्यांना दिसतो, पण घटाचा अभाव? कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैती म्हणतात, न दिसणं हेच इथं ज्ञानाचं साधन. नैयायिक ते वेगळं प्रमाण मानत नाहीत. तो वाद आज बाजूला ठेवू. आपल्याला हवी आहे ती त्यातली अट. वस्तू असती तर ती दिसली असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, एवढ्यावरून तो नाही असं म्हणता येत नाही. या अटीत बसणारी ती योग्यानुपलब्धी. हा शब्द लक्षात असू द्या.

आता इतिहासाकडे येऊ. ब्रिटन हे बेट. धान्य, तेल, शस्त्रं, सगळं जहाजांनी यायचं, आणि जर्मन पाणबुड्या ती जहाजं बुडवत होत्या. त्या जहाजांवर आपल्याकडचीही माणसं होती. रत्नागिरीकडचे खलाशी होते, गोव्याचे खानसामे होते. युद्धात हजारो भारतीय खलाशी गेले. तेव्हा हे काही परक्यांचं भांडण म्हणून दुरून पाहण्यासारखं प्रकरण नाही.

त्या काळची पाणबुडी फार वेळ पाण्याखाली राहू शकत नसे. बॅटऱ्या चार्ज करायला तिला वर यावं लागे, आणि ती शक्यतो रात्री यायची. अंधारात डोळे काय कामाचे? तिथे विमानातलं रडार आलं. १९३७च्या सप्टेंबरमध्ये एडवर्ड बोवेन यांनी एका अ‍ॅन्सन विमानातून समुद्रावरच्या युद्धनौका रडारने शोधून दाखवल्या होत्या. युद्ध सुरू झाल्यावर हे यंत्र गस्ती विमानांत बसलं. त्याचं नाव एएसव्ही.

रडारचा पडदा म्हटलं की आपल्यापुढे गोल फिरणारी रेषा आणि ठिपके येतात. सुरुवातीच्या यंत्रावर तसं काही नव्हतं. पडद्यावर मधोमध एक उभी चमकती रेषा. तिच्या डाव्या-उजव्या अंगाला ब्लिप उमटायची. डावीकडे लांब असेल तर वस्तू डावीकडे, उजवीकडे लांब असेल तर उजवीकडे. रेषेवरच्या उंचीवरून अंतर काढायचं. तळाशी मात्र कायम गजबज, कारण लाटांवरूनही ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीसारखे रेडिओलहरींचे पडसाद येतात. शेवटच्या मैलभरात पाणबुडीची ब्लिप या गजबजीत बुडून जायची. म्हणूनच १९४२च्या जूनपासून वेलिंग्टन विमानांवरचा ली सर्चलाइट हल्ल्यासाठी वापरात आला.

गस्त दहा-दहा तासांची, काही विमानांची त्याहून लांब. इंजिनांची घरघर, थंडी, आणि समोर ती एक रेषा. बहुतेक वेळा तिच्यावर काहीच नाही. अनेकांनी अख्ख्या युद्धात एकही पाणबुडी पाहिली नाही. मग प्रश्न उभा राहिला, की हा माणूस जेव्हा ‘काही नाही’ म्हणतो, तेव्हा त्यावर विश्वास किती ठेवायचा?

ब्रिटिश हवाई दलाला हाच प्रश्न पडला होता. केंब्रिजमध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्यावर प्रयोग केला, तो १९४८ साली प्रसिद्ध झाला. एक साधं घड्याळ. काटा दर सेकंदाला एक पाऊल पुढे सरकतो. क्वचित, अर्ध्या तासात बारा वेळा, एकदम दोन पावलं. ती उडी दिसली की बटण दाबायचं. असं दोन तास. पहिला अर्धा तास माणसं ठीक होती. नंतर उड्या डोळ्यांसमोरून निसटू लागल्या. अर्ध्या-अर्ध्या तासाने विश्रांती दिली, तर मात्र नजर टिकून राहायची.

यातली गंमत बघा, खरं तर गंमत नाही, भीती आहे. डोळे उघडे, दिवा लागलेला, यंत्र चालू. तरीही योग्यतेची अट मोडलेली, कारण लक्ष उडालं होतं. आणि लक्ष उडालं, हे त्या माणसाला कळतच नाही. तो प्रामाणिकपणे सांगतो, ‘काही नाही.’

आता पलीकडच्या बाजूला जाऊ. जर्मनांनी १९४२मध्ये पाणबुड्यांवर मेटॉक्स नावाचा ग्राहक बसवला. विमानाच्या रडारच्या दीड मीटर लांबीच्या लहरी तो टिपायचा. आवाज आला की बुडी मारायची. शांत असेल तर आकाश मोकळं. १९४३च्या वसंतात ब्रिटिशांनी सुमारे दहा सेंटिमीटरच्या लहरींचं रडार आणलं. मेटॉक्सला त्या लहरी ऐकूच येत नव्हत्या. ग्राहक शांत, आणि विमान डोक्यावर! मे १९४३मध्ये एकेचाळीस पाणबुड्या बुडाल्या. २४ मे रोजी ड्योनिट्झ यांनी उत्तर अटलांटिकमधून त्या मागे घेतल्या. हे एकट्या रडारचं श्रेय नव्हे. फोडलेली सांकेतिक लिपी, छोट्या विमानवाहू नौका, संरक्षक जहाजं, सगळ्यांचा वाटा त्यात आहे. पण अंधाऱ्या खोलीतल्या घटाचं उदाहरण यापेक्षा महाग कुणाला पडलं असेल, असं आम्हाला वाटत नाही. एका पाणबुडीत पन्नासच्या आसपास माणसं असायची. तीही कुणाची तरी मुलंच होती.

आजही हे काम संपलेलं नाही. गोव्यात दाबोळीच्या हंसा तळावर २०२२मध्ये पी-८आय विमानांची तुकडी दाखल झाली. यंत्रं बदलली, पडद्यासमोरचं माणसाचं आसन कायम आहे.

त्या आसनावरच्या माणसाला उत्तरं तीन असतात : ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘सांगता येत नाही’. पहिल्यासाठी पदकं मिळतात. दुसरं नोंदवहीत एका ओळीत जातं. तिसरं उच्चारायला संकोच वाटतो. आपण कमी पडलो असं वाटतं. आमच्या मते ज्ञानाच्या दृष्टीने तेच सर्वांत अवघड आणि प्रामाणिक उत्तर आहे. ‘लाटांची गजबज फार आहे’, ‘डोळे थकलेत, दुसऱ्याला बसवा’, असं वेळेवर म्हणणाऱ्या माणसामुळे किती जहाजं बंदराला लागली असतील, त्याची नोंद कुठल्याही इतिहासात सापडणार नाही.

प्रश्नकर्त्यांना एवढंच सांगू, की अनुपलब्धी पोथीबाहेर कामाला येते. फक्त आधी दिवा लागलेला आहे ना, आणि आपण जागे आहोत ना, हे पाहावं लागतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.