धावपट्टी आहे, विमान कोणाचे?

नांदेडची धावपट्टी 1958 सालची. निजामाच्या राज्यातून सुटून मराठवाड्याला दहा वर्षे झाली होती, महाराष्ट्र राज्य अजून व्हायचे होते, आणि द्वैभाषिक मुंबई राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने ही पट्टी बांधली. लातूरची पट्टी 1991 ची, तीही त्याच खात्याची. एवढ्या लवकर जमीन मिळाली, डांबर पडले. मग नांदेडला नियमित प्रवासी विमान दिसायला 2008 का उजाडले, आणि लातूरला अशी सेवा कधीच का टिकली नाही? मागास भागाकडे दुर्लक्ष, हे उत्तर आपल्याकडे तयारच असते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. दुर्लक्षच असते तर पट्ट्या बांधल्याच गेल्या नसत्या. माझ्या मते दोष जबाबदारीच्या वाटणीत आहे: पट्टी एकाची, विमान दुसऱ्याचे, अनुदान तिसऱ्याचे, आणि रोज विमान आलेच पाहिजे याची काळजी कोणाचीच नाही.

ही वाटणी किती नवी आहे, ते लातूरच्या रेल्वेकडे पाहिले की कळते. बार्शी लाइट रेल्वे या कंपनीने 1897 मध्ये कुर्डुवाडीजवळून बार्शीपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले आणि 1911 पर्यंत ते लातूरला आणले. ज्याचे रूळ त्याचीच गाडी. गाडी धावली नाही तर रूळ म्हणजे नुसते लोखंड, हे कंपनीला ठाऊक होते. त्यामुळे रुळांबरोबरच वेळापत्रकही आले. गाडी संथ होती, डबे छोटे होते, पण ती येत असे, आणि लातूरची बाजारपेठ तिच्या भरवशावर वाढली. विमानतळ उभा राहतो तेव्हा असा कोणताही करार गावाशी होत नाही. उद्घाटन होते, कोनशिला बसते, पाहुण्यांची विमाने उतरतात.

2008 हे वर्ष या दोन्ही गावांसाठी मोलाचे. नांदेडला गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा होता. गुरू गोविंदसिंग 1708 मध्ये इथेच निवर्तले आणि त्याआधी त्यांनी गुरुपद ग्रंथसाहिबाला दिले, त्याला तीनशे वर्षे होत होती. देशोदेशीचे शीख भाविक येणार, म्हणून विमानतळ नव्याने उभारला गेला आणि किंगफिशरचे विमान मुंबईहून येऊ लागले. त्याच वर्षी लातूर ते कुर्डुवाडी रुंद रूळ पूर्ण झाले. एका गावाला सोहळ्याने विमान दिले, दुसऱ्याला रेल्वेने मुंबईची रात्रीची गाडी. पुढे काय टिकले, हे सांगायला नकोच. 2009 मध्ये राज्याने नांदेड, लातूर, उस्मानाबाद, यवतमाळ आणि बारामती हे पाच विमानतळ 63 कोटी रुपयांत, 95 वर्षांसाठी रिलायन्स समूहाच्या कंपनीला भाड्याने दिले. पंचाण्णव वर्षे! पण त्या कंपनीकडे प्रवासी विमाने नव्हती. 2012 मध्ये किंगफिशर बंद पडली. विमाने ज्याची होती तोच गेला, आणि पट्टीचा धनी नुसता पाहत राहिला.

यावर पहिला आक्षेप असा की प्रवासीच नसतील तर जबाबदारीचे काय करायचे? लातूरपुरते यात तथ्य आहे. 2017 मध्ये लातूर–मुंबई गाडी बिदरपर्यंत वाढवली तेव्हा लातूरकर आंदोलनाला उतरले. विमानासाठी तेवढी तळमळ कधी दिसली नाही. रात्री बसून सकाळी मुंबईत पोचणाऱ्याला विमान ही गरज नाही, आणि हे मान्य करायला संकोच नको. नांदेडचे तसे नाही. सचखंड गुरुद्वाऱ्याला पंजाबातून येणाऱ्याला रेल्वेत दीड दिवस जातो. एप्रिल 2017 मध्ये केंद्र सरकारच्या ‘उडान’ या प्रादेशिक विमानसेवा योजनेच्या पहिल्याच दिवशी ट्रूजेटचे हैदराबाद–नांदेड विमान सुरू झाले, त्याच डिसेंबरात एअर इंडियाने अमृतसरला जोडले. 2022 च्या सुरुवातीला ट्रूजेट बंद पडली, आणि 2024 मध्ये स्टार एअर येईपर्यंत नांदेडचे आकाश पुन्हा ओस. या दोन वर्षांत भाविक आटले होते काय? मागणी तीच होती. फक्त ती पुरवण्याचे बंधन कोणावर नव्हते. उडानमध्ये निम्म्या जागांना तासाभराच्या प्रवासाला सुमारे 2,500 रुपयांची मर्यादा होती आणि तुटीची भरपाई तीन वर्षे मिळत होती. तीन वर्षांनंतर काय, याचे उत्तर योजनेत नव्हते.

बंधन कसे असते, ते कॅनडात दिसते. क्यूबेकच्या उत्तरेला नुनाविक भागात इन्युइट लोकांची चौदा गावे आहेत. बाहेरून तिथे एकही रस्ता जात नाही. 1975 च्या जमीन-करारातून तिथल्या लोकांची माकिविक ही संस्था निघाली आणि 1978 मध्ये तिने स्वतःची विमान कंपनी, एअर इन्युइट, उभी केली. विमान ज्यांना लागते, तेच विमानाचे मालक. नांदेडला रस्ता आहे, रेल्वे आहे, मग ही तुलना कशाला, असे कोणी म्हणेल. गरजेची तुलना मीही करत नाही. हिमवादळात अडकलेल्या गावाशी आपली बरोबरी होणार नाही. तुलना आहे ती विमान चुकले तर जाब कोणाला विचारायचा, एवढ्यापुरती. नुनाविकमध्ये हा प्रश्न आपल्याच संस्थेच्या सभेत विचारता येतो. नांदेडमध्ये तो जिल्हाधिकाऱ्यांना विचारावा की खासदारांना, भाडेकरू कंपनीला की विमान कंपनीला, हेच ठरत नाही.

म्हणून हे विमानतळ सरकारने परत घ्यावेत, ही वर्षानुवर्षे होत आलेली मागणी मला अर्धवट वाटते. परत घेऊन राज्य विमान चालवणार नसेल, तर फक्त पाटी बदलेल. नांदेडसाठी राज्याने विमान कंपनीशी दीर्घ मुदतीचा करार करावा, फेऱ्या चुकल्यास दंड ठेवावा आणि तुटीचा वाटा उघडपणे अर्थसंकल्पात दाखवावा. लातूरकरांनी मात्र नव्या टर्मिनलची निवेदने देणे थांबवून रेल्वेचे डबे आणि फेऱ्या वाढवून मागाव्यात.