फिकट मांसाचा दोष कोणाचा?

भंडारा हा भाताचा आणि तलावांचा जिल्हा. इथे डुकराच्या मांसाचा विषय काढला, की भुवया उंचावतात. मी तो मुद्दाम काढतो आहे. कारण वराहपालनावर काही घरांच्या चुली पेटतात. मांस फिकट, पाणी सुटलेले निघाले, की ठपका पाळणाऱ्यावर येतो. तो कितपत खरा, याचे उत्तर इतिहासात सापडते.

डेन्मार्कने इंग्लंडला बेकन, म्हणजे खारवलेले डुकराचे मांस, विकून मोठा व्यापार उभा केला. गिऱ्हाइकाला चरबी कमी हवी, म्हणून तिथे पिढ्यान्‌पिढ्या मांसल डुकरे निवडली गेली. १९५४ मध्ये लुडविगसेन या डॅनिश संशोधकाने अशा डुकरांच्या फिकट, मऊ मांसाचे वर्णन केले. पुढे कारण उलगडले. जनावर बिथरले, की स्नायूंतली साखर झपाट्याने जळते. कत्तलीनंतर मांस गरम असतानाच त्यात आम्ल वाढते, प्रथिने बिघडतात आणि पाणी सुटते. पाऊण तासाने पीएच सहाच्या खाली गेला, तर दोषाचा संशय घ्यावा. याउलट, दीर्घ प्रवासाने थकलेल्या जनावराची साखर आधीच संपते. त्याचे मांस गडद होते आणि लवकर नासते.

१९९१ मध्ये टोरांटोच्या डेव्हिड मॅक्लेनन यांच्या गटाने फिकट मांसामागचा जनुकीय दोष शोधला. बेल्जियमच्या पिएत्रां जातीत तो फार. साठच्या दशकात बोरिवलीला सरकारी बेकन कारखाना होता. त्या सुमारास आपल्याकडे रुळलेल्या लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीत तो कमी. म्हणजे आपल्याकडे आधी पाहायचे ते हवामान, चारा आणि हाताळणी.

भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. डुकराला घामाने अंग थंड करता येत नाही. भर दुपारी गाडीत कोंबून, दांडक्याने हाकत नेलेल्या जनावराचे मांस बिघडणारच. दुसरी गोष्ट कोंड्याची. राइस मिलचा कोंडा स्वस्त, पण त्यात तेल असते. तो फार चारला, तर चरबी मऊ पडते आणि बेकनचे काप नीट निघत नाहीत. भुईमुगावर पोसलेल्या डुकरांतला हाच दोष अमेरिकेत १९२० च्या दशकात अभ्यासला गेला.

उपाय साधे आहेत. वाहतूक रात्री करावी, पाणी भरपूर द्यावे, कत्तलीपूर्वी काही तास विसावा द्यावा, अनोळखी डुकरे एकत्र कोंडू नयेत आणि शेवटचे काही आठवडे कोंडा कमी करावा. यातली निम्मी कामे पाळणाऱ्याच्या हातातच नसतात. म्हणून भाव पाडण्याआधी खरेदीदाराने स्वतःला विचारावे, गाडी कोणी भरली आणि किती वाजता?