अंधारातले आजोळ



काही वर्षांपूर्वी भाच्याने एक ढकलपत्र पाठवले होते. भारताचा रात्रीचा नकाशा, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, तांबडे दिवे, आणि खाली ओळ : 'दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत'. मी ते कौतुकाने दहाजणांना पाठवले. एका शाळेच्या कार्यक्रमात मुलांनाही रंगवून सांगितले.

पुढे कळले, ते चित्र दिवाळीचे नव्हतेच! अमेरिकन उपग्रहांनी अनेक वर्षांत टिपलेले दिवे एकत्र करून ते बनवले होते. १९९२ च्या आधीचे दिवे पांढरे. १९९२, १९९८ आणि २००३ मध्ये दिसू लागलेले अनुक्रमे निळे, हिरवे, तांबडे. नासाने १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्रीचे खरे छायाचित्र प्रसिद्ध केले आणि सांगितले की, दिवाळीचा जादा उजेड इतका थोडा असतो की वरून वेगळा ओळखूच येत नाही. 'साधन तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका' असे इतिहासाच्या तासाला सांगत सारी नोकरी काढली, आणि शेवटी मीच फसलो. असो.

गंमत म्हणजे ते जुने उपग्रह दिव्यांसाठी सोडलेलेच नव्हते. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लष्कराला हवे होते ढग. चांदण्यातही ढग दिसावेत म्हणून १९७० च्या दशकात त्यांचे डोळे इतके तीक्ष्ण केले की, आभाळ निरभ्र असले की खालची गावेच चमकू लागली. २०११ च्या ऑक्टोबरात 'सुओमी एनपीपी' हा उपग्रह गेला. तो मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास आपल्यावरून जातो. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा साधारण पाऊण किलोमीटरचा चौकोन.

नातीने संगणकावर त्याचे चित्र मोठे करून दिले. सातारा सापडले, कराड सापडले, आग्नेयेला सांगली-मिरजेचा जोड उजेडही सापडला. कराडहून पश्चिमेला सरकलो, पाटण मागे टाकले, आणि पुढे सगळे काळे.

त्या काळ्यात माझे आजोळ आहे. कोयनेच्या शिवसागराच्या पाण्याखाली.

कोयनेचे पाणी खरे तर कराडला कृष्णेत मिळायचे. ते अडवून, डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडे नेले आणि १९६२ साली वीज सुरू झाली. आज प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट आहे. मामांचे बिऱ्हाड सोलापूरकडे गेले. नव्या गावठाणात वीज यायला बरीच वर्षे लागली. मामी कंदिलाची काच पुसताना म्हणायची, "आमच्या गावावर पाणी सोडून मुंबईत दिवे लागले, आणि मी बसलेय वात कापत."

११ डिसेंबर १९६७. मी अकरावीत होतो, आम्ही पाटणला राहत होतो. पहाटे जमीन हलली, फळीवरची भांडी अंगावर आली, आणि आम्ही सारे काळोखात अंगणात. भूकंपात सुमारे १८० माणसे गेली. कोयनेची वीज बंद पडली, त्याची झळ मुंबईच्या कारखान्यांना लागली. आपला उजेड कुठून येतो, हे त्या दिवशी पुष्कळांना प्रथमच कळले असेल.

नातीने विचारले, "आबा, तिथे अजून वीज नाही का?"

तिला सांगितले, काळ्याचा अर्थ एकच नसतो बाळ. पाणी उजेड देत नाही. भोवती कोयना अभयारण्य आणि चांदोलीचे जंगल. २०१० पासून तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे अंधारच हवा. आणि एखाद्या वाडीत दोन-चार बल्ब रात्री दीडला विझलेले असतील, तर उपग्रहाला ती वाडी नसल्यासारखीच. चित्र खोटे बोलत नाही, पण तिथे पूर्वी कोण राहत होते, हे काही ते सांगत नाही.

त्या दहाजणांना मी चूक कळवली. शाळेतही जाऊन आलो. मुले हसली, पण त्यांनी नीट ऐकून घेतले.

आता त्या चित्राची एक छापील प्रत भिंतीवर लावली आहे. काळ्या जागेवर पांढऱ्या पेन्सिलीने आजोळचे नाव लिहिले आहे. वाचणाऱ्यांपैकी कोणाचे घर, कोणाचे माहेर त्या पाण्याखाली असेल, तर गावाचे नाव जरूर कळवा. जागा अजून पुष्कळ आहे.