भुकेल्या पितरांच्या घासाची कुळकथा

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी शहरात मराठी घरांतून दोन प्रश्न हमखास निघतात. इथल्या अपराह्णकाळी तिथी कोणती, आणि घास ठेवला तर कावळा येईल का? पहिल्याचे उत्तर स्थानिक पंचांग देते. पुण्यातली तिथी तशीच उचलून चालत नाही, कारण त्या दिवसांत कॅरीचे घड्याळ साडेनऊ तास मागे असते. कावळे म्हणाल तर इथे दोन जातींचे आहेत, अमेरिकी कावळा आणि त्याहून थोडा लहान मत्स्यकावळा. राखाडी मानेचा आपला गावकावळा मात्र नाही. तरी खीर, वडे, आमसुलाची चटणी असे पान वाढून त्यातला घास घरामागच्या डेकवर ठेवला जातोच.

कावळ्याला हा मान कसा मिळाला, ते रामायणाच्या उत्तरकांडात आहे. मरुत्त राजाच्या यज्ञात रावण येऊन थडकला, तेव्हा घाबरलेल्या देवांनी प्राण्यांची रूपे घेतली. इंद्र मोर झाला, यम कावळा. संकट टळल्यावर यमाने कावळ्याला वर दिला: माझ्या लोकातले भुकेले जीव, तू जेवलास की तृप्त होतील.

श्राद्धाचा आरंभ महाभारताच्या अनुशासनपर्वात सांगितला आहे, आणि मला ती कथा फार जवळची वाटते. अत्रींचा वंशज, दत्तात्रेयाचा पुत्र निमी. त्याचा मुलगा श्रीमान वारला. शोकाने वेड्या झालेल्या बापाने अमावास्येला ब्राह्मणांना जेवू घातले, दर्भ पसरले आणि मुलाचे नाव-गोत्र घेऊन पिंड दिला. मग तो धास्तावला. पूर्वी कोणा मुनीने केले नाही ते आपण करून बसलो! तेव्हा अत्री प्रकटले आणि त्यांनी धीर दिला, की हा ब्रह्मदेवानेच घालून दिलेला पितृयज्ञ आहे. मुलाने बापाला द्यायचा घास त्या कथेत पहिल्यांदा बापाने मुलाला दिला.

असाच घास प्राचीन मेसोपोटेमियात, तैग्रिस-युफ्रेटिसच्या काठीही वाढला जात होता. त्याचे नाव किस्पू. लिओनार्ड वूली यांनी 1922 ते 1934 या काळात ऊर नगरीचे उत्खनन केले, तेव्हा सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या घरांत जमिनीखालीच घरच्यांची थडगी सापडली. मृतांसाठी भाकरी आणि पीठ ठेवायचे, पाणी आणि बिअर ओतायची, त्यांची नावे घ्यायची. हे काम वारसाचे, बहुधा थोरल्या मुलाचे. ते चुकले तर भुकेला आत्मा घरच्यांना पछाडतो, कान वाजतात, डोके दुखते, अशी समजूत होती. गिल्गमेश महाकाव्याच्या बाराव्या पाटीत, ज्याला वाढणारे कोणी उरले नाही तो आत्मा भांड्यांची खरवड आणि रस्त्यावर टाकलेले तुकडे खातो.

या दोन प्रथांपैकी एकीतून दुसरी निघाली असे मी म्हणणार नाही. पण बॅबिलोनची एक पाटी वाचताना मी थबकतो. ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे; जे. जे. फिंकेलस्टाइन यांनी ती 1966 मध्ये प्रसिद्ध केली. हम्मुराबीनंतरचा चौथा राजा अम्मिसदुका त्यात आधी पूर्वजांची नावे घेतो. मग लढाईत पडलेल्या सैनिकांना बोलावतो, आणि शेवटी पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत ज्यांना पाहणारे कोणी नाही अशा सगळ्यांना: या, खा, प्या, आशीर्वाद द्या.

आज अमेरिकेत गूढविद्येच्या नादाने मेसोपोटेमियातल्या देवभुतांना भाकरी, बिअर, धूप वाहणारे लोक आहेत. त्यांतल्या अनेकांच्या हाती 1977 साली न्यूयॉर्कमध्ये 'सायमन' या टोपणनावाने निघालेले पुस्तक असते. त्याचे 'नेक्रोनॉमिकॉन' हे नाव एच. पी. लवक्राफ्ट या कथाकाराने कल्पिलेल्या ग्रंथाचे. आतली बरीच नावे मात्र खरोखरच सुमेर-बॅबिलोनची. मेसोपोटेमियातल्याच पझुझूचे रूप 1973 च्या 'द एक्झॉर्सिस्ट' या चित्रपटाने जगभर नेले, पण नुसता राक्षस म्हणून. मुळात त्याच्या चेहऱ्याचे काशाचे ताईत गर्भवती आणि तान्ह्या बाळांच्या रक्षणासाठी असत, कारण बाळे पळवणारी राक्षसी लमाश्तू त्याला भीत असे.

या नव्या नैवेद्यामागची श्रद्धा मी खोटी मानत नाही. पण भीतिदायक नावे आणि हाती येणारी शक्ती यांच्या ओढीने मेसोपोटेमियातल्या साध्या घराचा किस्पू मागे पडतो. तो घरातल्या माणसाने घरातल्याच मेलेल्यासाठी केलेला नेमाचा सांभाळ होता. त्याची जात मला गूढविद्येच्या पुस्तकापेक्षा डेकवरच्या घासात अधिक दिसते.

आणि अम्मिसदुकाने शेवटी घातलेली हाकही आपल्याकडे शाबूत आहे. तिथी माहीत नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या आहे. ज्यांना आई-बाप, बंधू-मित्र, गोत्र यांपैकी कोणीच नाही, त्यांच्यासाठी धर्मपिंड आहे. अमेरिकेत आलेल्या कुटुंबाला चौथ्या पिढीची नावे आठवत नसली, गावाकडचे भाऊबंद तुटले असले, तरी हा पिंड ठेवता येतो. त्याला नाव लागत नाही.