ग्लॅब्रिपेनिस

आशियाई लांबशिंगी भुंगेऱ्याचं शास्त्रीय नाव ॲनोप्लोफोरा ग्लॅब्रिपेनिस. लॅटिनमध्ये ‘ग्लॅबर’ म्हणजे गुळगुळीत, ‘पेन्ना’ म्हणजे पंख. नाव नेमकं आहे. त्याचा सख्खा नातलग ॲनोप्लोफोरा चायनेन्सिस. त्याच्या कठीण पंखांच्या मुळाशी बारीक पुटकुळ्या असतात, ग्लॅब्रिपेनिसच्या नसतात. रशियन कीटकशास्त्रज्ञ मोचुल्स्कीने 1853 मध्ये हे नाव दिलं, तेव्हा प्रजाती सेरोस्टेर्ना मानली होती. पुढे ती बदलली, म्हणून आज मोचुल्स्कीचं नाव कंसात लिहितात.

चीन-कोरियातला हा भुंगेरा 1996 मध्ये न्यूयॉर्कच्या मेपल वृक्षांत सापडला, आणि त्याची अचूक ओळख अत्यंत निकडीची झाली. 2002 मध्ये लिंगाफेल्टर आणि होबेके या कीटकशास्त्रज्ञांनी संपूर्ण प्रजाती नव्याने तपासली. पिवळसर ठिपक्यांची, वेगळी समजली जाणारी ‘नोबिलिस’ ही जात त्यांनी ग्लॅब्रिपेनिसमध्येच विलीन केली. नियमाप्रमाणे आधीचं नाव टिकलं. मला हा नियम फार न्याय्य वाटतो.

कोकणात आंब्याचं खोड पोखरणारा भिरुड याच लांबशिंगी भुंगेऱ्यांच्या कुळातला. कीटकशास्त्रज्ञ डी गीरने 1775 मध्ये त्याला ‘रुफोमॅक्युलाटस’, म्हणजे तांबड्या ठिपक्यांचा, म्हटलं. तो बॅटोसेरा या स्त्रीलिंगी प्रजातीत गेला आणि शेवट ‘रुफोमॅक्युलाटा’ झाला. जुन्या पुस्तकात वेगळं रूप दिसलं, तर लगेच मुद्रणदोष समजू नका. आधी प्रजातीचं नाव पाहा.