कंजेशन

सर्दीच्या औषधाच्या वेष्टनापासून रहदारीच्या बातमीपर्यंत सर्वत्र आढळणाऱ्या ‘कंजेशन’ या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये असून, ‘एकत्र वाहून आणणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून निघालेल्या त्या मूळ शब्दाचा अर्थ रास एवढाच होता. इंग्रजीत तो प्रथम वैद्यकाच्या दप्तरी रुजू झाला, शरीरात साचलेल्या दोषद्रव्याचा वाचक म्हणून. रहदारीचा अंमल त्याच्यावर एकोणिसाव्या शतकात बसला. १९८६ मध्ये इंटरनेटच्या एका मार्गावरील वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला, तोही याच विकाराने. चोंदलेल्या नाकात, गंमत अशी, की पुष्कळदा शेंबडापेक्षा सुजलेल्या रक्तवाहिन्याच वाट अडवतात. शिंकरून काय होणार? मराठीत मात्र आजही नाक चोंदते, गटार तुंबते, फुप्फुसात पाणी साचते आणि कोंडी होते ती रस्त्यावर.