यंत्र नवे, मजकूर जुना

आम्हा मुलुंडकरांना विजेच्या दोन तऱ्हा ठाऊक आहेत. मुंबईत १९२५ साली विजेची पहिली लोकल धावली ती १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर. पुढे २५,००० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज आली आणि २०१५ साली मध्य रेल्वेच्या मुख्य उपनगरी मार्गावरील पालट पुरा झाला. मधल्या वर्षांत रूळ तेच, उतारू तेच. वीज मात्र वाटेतच बदले. म्हणून दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या बांधाव्या लागल्या.

गणकयंत्रांच्या दुनियेतही हीच अडचण फार पूर्वी उभी राहिली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हे आपल्याच लोकांनी बांधलेले यंत्र चालू झाले. त्याचा एकेक ‘शब्द’ ४० बिटांचा. १९६४ साली तिथेच अमेरिकेतून ‘सीडीसी ३६००’ आले. त्याचा शब्द ४८ बिटांचा आणि आज्ञांची ठेवणही निराळी. बालबोध शिकलेल्या मुलापुढे मोडीचा कागद ठेवावा, तशी जुन्या आज्ञांची गत! केलेले श्रम यंत्राबरोबरच मोडीत निघायचे.

यावरचा तोडगा भाषांतराचा. १९५७ साली आयबीएमने ‘फोरट्रान’ ही भाषा दिली. मजकूर माणसाने एकदाच लिहायचा; तो ज्या त्या यंत्राच्या बोलीत उतरवायचे काम अनुवादक प्रोग्रामचे. १९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘जीसीसी’ हा अनुवादक सर्वांना खुला केला. त्याचा बराचसा भाग सर्व यंत्रांना समान. प्रत्येक प्रोसेसरचे वर्णन तेवढे वेगळे लिहायचे. हे वर्णन कसे लिहावे, याचा अभ्यास आपल्या शेजारच्या पवईत, आयआयटीत, प्रा. उदय खेडकर व त्यांच्या विद्यार्थ्यांनी केला आणि कार्यशाळा घेऊन तो इतरांनाही शिकवला.

तरी कटकट संपली असे नाही. प्रोसेसर तोच राहिला तरी त्यावरची कार्यप्रणाली बदलते. ॲपलने २०१९ च्या आवृत्तीत ३२ बिटांचे जुने प्रोग्राम चालवणे बंद केले. २०२० साली त्याच कंपनीने इंटेलचे प्रोसेसर सोडून स्वतःचे आणायला आरंभ केला, तेव्हा एकाच पुडक्यात दोन्ही बोलींतली भाषांतरे भरून देण्याची सोय झाली. दोन विजांची लोकलच म्हणा ना!

मात्र प्रत्येक जादा यंत्राचा भार कुणीतरी वाहतो. त्यासाठी पुन्हा बांधणी करावी लागते, पुन्हा तपासावे लागते. कंटाळून जुन्याची साथ सोडली, तर झळ लागते ती नवे यंत्र न परवडणाऱ्या शाळेला, छोट्या दुकानदाराला. आणि मूळ मजकूरच हरवला असेल, तर अनुवादकाचाही फारसा इलाज चालत नाही. घरातल्या जुन्या दप्तरासारखेच हे आहे. पेटी बदलली तरी चालेल. आतला कागद जपला पाहिजे आणि तो वाचणारा माणूसही.